खिंडीत गाठलेला सूर्यास्त

कोकणकड्यावर पोटावर पडून काढलेला सूर्यास्त घरी आल्यावर संगणकातल्या नकाशावर शोधला, तर तो टोलार खिंडीत निघाला. हरिश्चंद्रगडाच्या पार दुसऱ्या अंगाला, व्याघ्रशिल्पाच्या शेजारी. पायथ्याला, खिरेश्वरात काढलेले फोटो तर नकाशावर आलेच नाहीत. सोबतच्यांनी अर्थातच माझ्या तांत्रिक ज्ञानाची यथेच्छ पूजा बांधली.

घोळ साधा होता. त्या उन्हाळ्यात भाचीकडे जर्मनीला गेलो होतो. तिथे कॅमेऱ्याचं घड्याळ तिथल्या वेळेला लावलं आणि परतल्यावर ते पुन्हा आपल्या वेळेवर आणायचं राहून गेलं. डिसेंबर उजाडला तरी ते साडेतीन तास मागेच होतं. संध्याकाळी सहाचा सूर्यास्त कॅमेऱ्याने अडीचचा म्हणून नोंदवला. अडीचला आम्ही खिंडीत बसून चिक्की खात होतो.

पण वेळ चुकली म्हणून जागा कशी चुकेल?

मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेची नोंद आपोआप होते, ते सगळ्यांना माहीत आहे. गळ्यातल्या मोठ्या कॅमेऱ्यात मात्र बहुधा जीपीएस नसतो. ब्लूटूथने मोबाइल जोडायची सोय अलीकडे असते, पण ती जोडणी नेमकी पक्षी समोर आला की तुटते, असा माझा तरी अनुभव आहे. म्हणून ट्रेकवाल्यांची जुनी युक्ती अजून टिकून आहे. मोबाइलवर वाटेची नोंद सुरू करायची, तो खिशात टाकायचा आणि फोटो कॅमेऱ्याने निवांत काढायचे. या वाटेला ट्रॅक म्हणतात आणि ती साठवायची सर्वमान्य पद्धत म्हणजे २००२ साली आलेली जीपीएक्स फाइल. उघडून पाहिली तर आत बिंदूंची लांबलचक माळ दिसते. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ.

फोटोच्या पोटातही अशी एक नोंदवही असते. तिचं नाव एक्झिफ. ही पद्धत जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाने १९९५ साली आखली. कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, किती शटर, कधी काढला, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. जागेचे रकानेही असतात, पण जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यात ते कोरेच राहतात.

आता एकीकडे वेळ आणि जागा दोन्ही असलेली माळ, दुसरीकडे नुसती वेळ असलेला फोटो. दोघांत सामाईक काय, तर वेळ. संगणक फोटोची वेळ घेतो, माळेतले तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन बिंदू शोधतो आणि मधली जागा त्रैराशिकाने काढतो. एक बिंदू अडीच वाजताचा, पुढचा त्यानंतर तीस सेकंदांचा आणि फोटो दहाव्या सेकंदाचा असेल, तर दोन बिंदूंमधलं एक तृतीयांश अंतर चालून फोटो तिथे बसवायचा. एवढंच गणित. कॅमेऱ्याने काय पाहिलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणून माझा सूर्य खिंडीत गाठला गेला.

यात आणखी एक मेख आहे. जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे लिहिलेली असते. कॅमेरा मात्र भिंतीवरच्या घड्याळासारखा नुसता ‘अडीच’ म्हणतो. कुठले अडीच, नाशिकचे की म्युनिकचे, हे लिहायला एक्झिफमध्ये २०१६ पर्यंत रकानाच नव्हता.

मोठी चूक निदान लगेच लक्षात तरी येते. दोन-तीन मिनिटांची जास्त लबाड. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो असं धरलं, तर सेकंदाला मीटरभराहून थोडं जास्त. तीन मिनिटांत दोनशे मीटर. एवढ्यात गडावर एका टाक्याचा फोटो दुसऱ्या टाक्याच्या नावावर जातो आणि कुणाला शंकाही येत नाही. ताशी साठच्या वेगाने जाणाऱ्या कोकण रेल्वेत मिनिटाची चूक म्हणजे एक किलोमीटर, पुलाचा फोटो बोगद्यात.

उपाय फुकटातला आहे. निघताना मोबाइलवर सेकंदांसकट घड्याळ लावायचं आणि कॅमेऱ्याने त्याचाच एक फोटो काढायचा. घरी आल्यावर फोटोत दिसणारी वेळ आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ यांतला फरक प्रोग्रामला सांगितला की सगळे फोटो एकदम सरकतात. डिजिकॅम किंवा लाइटरूममध्ये हे माउसने होतं. मी वापरतो ते फिल हार्वे यांचं एक्झिफटूल. २००३ पासून चालत आलेलं, फुकट, पण आज्ञा हाताने टंकाव्या लागतात. खिरेश्वरचे फोटो का गायब झाले, तेही त्याच्यामुळेच कळलं. मुद्दाम बदललं नाही तर ते ट्रॅकपासून अर्ध्या तासाहून दूर पडलेल्या फोटोला जागा देतच नाही. आम्ही एकला निघालो, कॅमेऱ्याच्या लेखी साडेनऊला. तेव्हा माझा ट्रॅक सुरूही झालेला नव्हता.

गंमत अशी की ट्रॅकमधले बिंदूही घड्याळांतूनच आलेले असतात. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे जीपीएस उपग्रह आण्विक घड्याळं घेऊन फिरतात. संदेश तिकडून निघाला कधी आणि इथे पोचला कधी, यावरून मोबाइल अंतर काढतो. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूकही वीतभरापेक्षा जास्त भरते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे ही घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर दिवसाला दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत जाईल.

घड्याळं जुळवूनही सह्याद्री आपला हिसका दाखवतोच. साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरलात, तर वर आकाशाची फीत तेवढी उरते. संदेश कातळावर आपटून, लांबच्या वाटेने येतात आणि ट्रॅक कड्याच्या या भिंतीतून त्या भिंतीत उड्या मारतो. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत तर संदेशच नाही. तिथले फोटो प्रोग्राम शिरतानाच्या आणि निघतानाच्या बिंदूंमध्ये सरळ रेषेत मांडतो. उंचीचं विचाराल तर कोकणच्या किनाऱ्यावर काही यंत्रं उणे साठ-सत्तर मीटर दाखवतात. पृथ्वीचा गणिती आकार आणि खरी समुद्रसपाटी यांच्यात आपल्याकडे तेवढी तफावत आहे. घाबरून वर पोहायला लागू नये.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने उलटी करतो. जुन्नरच्या कड्यांवर शिवसुमन दिसलं, तर त्या फोटोतली जागा पुसून टाकतो, नुसतं ‘जुन्नर तालुका’ लिहितो. महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या न उगवणारी ही दुर्मिळ वनस्पती काही मीटरच्या अचूकतेने जगाला दाखवणं म्हणजे खणणाऱ्याच्या हातात पत्ता देणं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर जागा गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी २०१२ साली पोलिसांना चुकवत फिरत होते. एका मासिकाने त्यांच्यासोबतचा फोटो इंटरनेटवर टाकला, त्यातल्या अक्षांश-रेखांशांनी ते ग्वाटेमालात असल्याचं फोडलं. संगणक-सुरक्षेवर श्रीमंत झालेला माणूस!

माझ्या सूर्यास्ताचं पुढे काय झालं, तर साडेतीन तास मिळवले, ट्रॅक पुन्हा जोडला आणि तो खिंडीतून सुटून थेट कोकणकड्यावर गेला. उपग्रहाच्या चित्रावर जवळ जाऊन पाहिलं, तर ठिपका काठाच्या सात-आठ मीटर बाहेर, दरीच्या वर, हवेत. ही जीपीएसची नेहमीची चूक. मी तो तसाच ठेवलाय. आईला दाखवताना नकाशा फक्त थोडा लहान करतो.