रेडिओतल्या डब्या कुठे गेल्या?

कोलशेतच्या एखाद्या घरातला जुना एफएम रेडिओ उघडला, तर आत बोटाच्या पेराएवढ्या पत्र्याच्या चौकोनी डब्या दिसतात. त्यांत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. मोबाइलमध्ये दोन-तीन रेडिओ असूनही अशी एकही डबी सापडत नाही. तार बारीक केली, एवढे उत्तर पुरत नाही.

पुस्तकातला रेडिओ एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ साली शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतीचा असतो. आपण आकाशवाणी मुंबईचे एफएम गोल्ड, म्हणजे १००.७ मेगाहर्ट्झ, लावले असे समजू. संचातला दोलक १११.४ मेगाहर्ट्झची स्पंदने निर्माण करतो. मिश्रकात दोहोंची वजाबाकी होऊन १०.७ उरतात. स्टेशन बदलले की दोलकही बदलतो, पण बाकी तीच राहते. म्हणून एकच चांगली गाळणी सर्व स्टेशनांना पुरते. पण १२२.१ आणि १११.४ यांतला फरकही १०.७ च! आणि १२२.१ हा तर वैमानिकांच्या संभाषणाचा पट्टा. या आगंतुकाला प्रतिमा-वारंवारता म्हणतात. त्याला दारातच अडवायचे आणि पुढे १०.७ ची काटेकोर गाळणी करायची, ही कामे वेटोळी व सिरॅमिकचे तुकडे करतात. सिलिकॉनवर एवढी मोठी वेटोळी काढणे परवडत नाही.

फिलिप्सच्या १९८३ च्या टीडीए ७००० या चिपमध्ये ही बाकीच ७० किलोहर्ट्झवर आणली होती. एवढ्या कमी वारंवारतेला रोध, धारित्र व प्रवर्धक यांची गाळणी चालते आणि ती चिपवर मावते. प्रतिमाही आता फक्त १४० किलोहर्ट्झ दूर, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या मोकळ्या जागेत पडते. अडचण एकच उरली. एफएमची लहर मुळातच दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ झुलते, ७० पेक्षा जास्त! तेव्हा बाहेर पडणाऱ्या ध्वनिसंकेताचा अंश दोलकाकडे परत पाठवून त्यालाही स्टेशनच्या मागोमाग झुलवले. झोका १५ वर आला. इतका देखणा उपाय क्वचितच पाहायला मिळतो. दोलकाचे वेटोळे मात्र चिपबाहेरच राहिले.

मोबाइलच्या गर्दीत प्रतिमेला मोकळी जागा कुठली? तेथे आलेली लहर दोन मिश्रकांना देतात आणि एकाचा दोलक दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे ठेवतात. हव्या लहरीत पहिली वाट पुढे असेल, तर प्रतिमेत ती मागे असते. त्यामुळे दोन्ही वाटा योग्य तऱ्हेने मिळवल्या की प्रतिमा स्वतःलाच खोडते. पाव आवर्तनात एका अंशाची चूक झाली, तर प्रतिमेच्या शक्तीचा सुमारे तेरा हजारावा भाग शिल्लक राहतो. तोही शेजारचा प्रक्रियक आकडेमोड करून आणखी कमी करू शकतो. दोलकाचे वेटोळेही आता आत आले आहे, कारण २.४ गिगाहर्ट्झला २ नॅनोहेन्री आणि २.२ पिकोफॅरड पुरतात. सूत्रात आकडे घालून विद्यार्थ्यांनी पडताळावे.

मात्र हा प्रक्रियक शेजारी म्हणून गोंगाट करणारा आहे. २०१६ साली आलेल्या ईएसपी ३२ या चिपमध्ये वायफाय, ब्लूटूथ आणि दोन प्रक्रियक एकत्र नांदतात. तिला सहसा ४० मेगाहर्ट्झचा स्फटिक जोडतात. त्याची ६१ वी पट २४४० होते, म्हणजे थेट वायफायच्या पट्ट्यात! म्हणून अशा चिपमध्ये रेडिओचा वीजपुरवठा वेगळा ठेवतात आणि मधे संरक्षक कुंपण घालतात. हा गोंगाट वर्गात ऐकवता येतो. मध्यमलहरींचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावावा आणि चालू गणकयंत्र त्याला चिकटवून एकेक बटण दाबावे. खरखर बदलताना ऐकू येईल.