दंतविभागाचा प्रमुख आणि आपला कारखानदार

मोठ्या इस्पितळात दातांचा स्वतंत्र विभाग असतो. त्याचा प्रमुख बहुधा दातांचा डॉक्टरच असतो. हात चांगला म्हणून नाव होते, नाव झाले म्हणून बढती मिळते, आणि एके दिवशी त्याला इतरांकडून काम करून घ्यावे लागते. हाताखाली डॉक्टर, परिचारिका, कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ, सफाई कामगार आणि शिकाऊ विद्यार्थी असतात. हुन्नर एक, कारभार दुसरा. आपल्याकडेही उत्तम कारागीर कारखानदार होतो आणि नेमका इथेच अडतो.

माणसे चालवण्याच्या तीन पद्धती जाणकार सांगतात : हुकमाची, सल्लामसलतीची आणि मोकळीक देण्याची. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कुर्ट लेविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे गट करून त्या तपासल्या. १९३९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हुकमाच्या गटात पुढारी खोलीबाहेर गेला की काम थंडावे. सल्लामसलतीच्या गटात तो नसतानाही काम चालू राही.

म्हणून हुकूम वाईट असे नव्हे. अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबाच्या वाफेत किमान १५ मिनिटे ठेवावी लागतात. इथे हयगय झाली तर एका रोग्याच्या रक्तातून दुसऱ्याला हिपॅटायटिस बी जडू शकतो. यात चर्चेला जागा नाही. रोग्यांच्या तारखा, सामानाची खरेदी, कवळ्यांचे काम यांत मात्र ते रोज करणाऱ्याचा मशवरा घेतलेला बरा. अनुभवी सर्जनला मोकळीक द्यावी. तीच नवशिक्याला दिली तर रोग्याचे हाल होतात. काम आणि माणूस पाहून पद्धत बदलतो तोच प्रमुख विभाग नीट चालवतो.

या क्षेत्रातला एक मोठा दाखला आपल्याच देशातला आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ साली याच आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली. १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. खर्च भागवण्यासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचा धंदा चालवला. धंद्याची कमाई संस्थेत घातली, १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिले आणि १९४९ साली संस्था सरकारच्या स्वाधीन केली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६५ साली त्यांचे निधन झाले. महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आजही त्यांच्या नावाने चालू आहे. स्वतःमागे काम चालू राहील अशी माणसे आणि अशी व्यवस्था त्यांनी उभी केली होती.

कापडाच्या धंद्यात आम्ही उलटे चित्र अनेकदा पाहतो. भाव शेठच्या डोक्यात, उधारी शेठच्या डायरीत, गोदामाची चावी शेठच्या खिशात. शेठ आजारी पडले की मुलाला येणे-देणे कळत नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीकडे वळते आणि कारागिरांचा हप्ता थकतो. चाळीस वर्षांची पेढी अशी सहा महिन्यांत बसते.

व्यापारी बंधूंनो, रोकड आणि मालाचा दर्जा यांबाबत हुकूम कडक ठेवा आणि तो लिहून ठेवा. नवा माल घेताना गल्ल्यावरच्या माणसाला आणि कारागिराला विचारा. जुन्या उस्तादाच्या हातात हात घालू नका. मग आठवडाभर दुकानापासून दूर राहून पाहा. जे काम त्या आठवड्यात अडेल, ते मुलाला किंवा मुनीमजींना आधी शिकवा.