गच्चीवर विमान बांधता येतं, पण इंजिनापर्यंत पेट्रोल कसं पोहोचवायचं?

बुलढाण्याजवळच्या राजूर घाटात जुनी बाईक आचके द्यायला लागली, की चालवणाऱ्याचा हात आपोआप टाकीखालच्या कॉककडे जातो. कॉक रिझर्व्हवर फिरवला की गाडी पुन्हा पळते. नाहीच पळाली तर ती कडेला लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बाटलीभर पेट्रोल मागायचं.

छोट्या विमानातही असाच कॉक असतो. पण आकाशात गाडी कडेला लावता येत नाही. त्यामुळे घरी विमान बांधणाऱ्याची मोठी परीक्षा होते ती इंजिन बसवताना आणि त्याला इंधन पुरवताना.

घरी विमान? असं कुणी केलंय का?

हो, आपल्याच महाराष्ट्रात. पायलट असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. इमारतीला लिफ्ट नव्हती, त्यामुळे सामान जिन्यानं वर न्यावं लागायचं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहासाठी हे विमान क्रेननं खाली उतरवलं गेलं आणि लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं.

नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला. ऑक्टोबर २०१९ मध्ये डीजीसीएनं उड्डाणाचा परवाना दिला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर चाचण्यांचा पहिला टप्पा झाला. म्हणजे गच्चीवरून जमिनीवर आल्यानंतर हवेत जायला चार वर्षं लागली. परवानग्यांना इतका वेळ का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. पण अशा विमानात नेमकं काय तपासावं लागतं, हे फारसं कुणी सांगितलं नाही.

इंजिन बोल्टनं आवळलं की झालं?

नाही. इंजिन हा विमानातला सगळ्यात जड भागांपैकी एक. ते थोडं जरी पुढेमागे झालं तरी विमानाचा तोल बदलतो. म्हणून बांधणी पूर्ण झाल्यावर विमान वजनकाट्यावर ठेवून तोल मोजतात.

इंजिन एका सांगाड्यावर बसतं. हा सांगाडा बहुतेक वेळा पोलादी नळ्या वेल्ड करून बनवतात. इंजिनाचे हादरे थेट विमानाच्या अंगाला बसू नयेत म्हणून मध्ये जाड रबर असतं. इंजिन आणि पायलट यांच्यामध्ये आग अडवणारा पत्रा असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. वायर किंवा इंधनाची नळी नेण्यासाठी त्याला पाडलेलं प्रत्येक भोक नीट बंद करावं लागतं. नाहीतर इंजिनाला लागलेली आग त्याच वाटेनं आत येऊ शकते.

मग पेट्रोल इंजिनापर्यंत कसं जातं?

टाकी वर आणि इंजिन खाली असेल, तर पेट्रोल बाईकसारखंच आपोआप उतरतं. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानातही हीच पद्धत होती. पंख खाली असलेल्या विमानात मात्र टाक्याही खाली येतात. तिथे पंप लागतो. एक पंप इंजिनावर चालतो आणि तो बंद पडला तर दुसरा विजेवर चालणारा तयार ठेवतात.

यात चुकण्याच्या जागा बऱ्याच आहेत:

• टाकीत हवा जाण्याची नळी बुजली, तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं.

• पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून सगळ्यात खालच्या जागी ते काढून टाकायची तोटी हवी. पायलट उड्डाणाआधी तिथून थोडं इंधन काढून बघतो.

• नळी गरम सायलेन्सरजवळून गेली, तर पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो. मलकापूर-नांदुऱ्याकडचा मे महिना ज्यांनी अनुभवलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

• पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि काही प्रकारचं रबर व सीलंट खराब करतं. त्यामुळे पंपावरचं मिश्र पेट्रोल सरसकट प्रत्येक विमानात भरून चालत नाही.

कॉक चुकीच्या जागी बसवला तर?

१२ ऑक्टोबर १९९७. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात 'लाँग-ईझी' हे घरी बांधलेलं विमान उडवत होते. विमान त्यांनी नुकतंच विकत घेतलं होतं, बांधलं होतं दुसऱ्यानं. बांधणाऱ्यानं इंधनाचा कॉक मूळ आराखड्यातल्या जागी न बसवता पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. पायलटच्या जागेत इंधनाच्या नळ्या नकोत, हा त्यामागचा विचार. म्हणजे हेतू सुरक्षेचाच होता.

पण त्या कॉकपर्यंत हात पोहोचवायला मागे वळावं लागायचं. टाकी बदलायच्या प्रयत्नात डेन्व्हर यांचा ताबा सुटला, विमान समुद्रात कोसळलं आणि त्यांचा मृत्यू झाला. कॉकची अवघड जागा आणि त्यावर खुणा नसणं, ही अपघाताची कारणं तपासात नोंदवली गेली.

उडण्याआधी खात्री कशी करतात?

उड्डाणाच्या वेळी विमानाचं नाक जितकं वर जातं, तितकं ते जमिनीवरच उचलून ठेवतात. इंजिनाकडची नळी सोडून पेट्रोल भांड्यात घेतात आणि वेळ लावून मोजतात. समजा, पूर्ण ताकदीवर इंजिन तासाला ४० लिटर पितं. मग आपोआप उतरणाऱ्या पद्धतीत तासाला किमान ६० लिटर आणि पंपाच्या पद्धतीत ५० लिटर यायला हवं. म्हणजे गरजेच्या दीडपट किंवा सव्वापट.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. इंजिन किंवा त्याच्याशी जोडलेल्या यंत्रणेतला बिघाड हे त्यात सगळ्यात जास्त वेळा दिसलेलं कारण होतं. उड्डाणाच्या परवान्याआधी इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी सक्तीची करा, अशी शिफारसही मंडळानं केली.

फाइल टेबलावर पडून राहिली तर त्यात कुणाचंच भलं नसतं. ती लवकर हलावी, ही मागणी रास्तच आहे. पण नाक वर करून, भांडं लावून पेट्रोल मोजायचा तो अर्धा दिवस मात्र वाचवू नये. कारण पहिल्या उड्डाणात आत बसलेला असतो तो बहुतेक वेळा बांधणारा स्वतःच.