आजार उलटल्यावर : संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात ठाकुर्लीतील, रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. वय सदुसष्ट. त्यांना आधी अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाला होता. केमोथेरपीने तो आटोक्यात आला. वर्षभराने मात्र आजार उलटला. रुग्णालयाने दोन औषधांच्या एकत्रित उपचाराच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारले होते आणि हाती संमतीपत्र दिले होते. काकूंनी एकच प्रश्न केला, "डॉक्टर, म्हणजे आता यांच्यावर प्रयोग करणार का?"

वाचकहो, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर "होय" असेच आहे. पण हा प्रयोग कशासाठी आणि कोणत्या मर्यादेत होतो, हे समजून घेतले तर निर्णय भीतीपोटी होत नाही.

ल्युकेमियाच्या सर्व पेशी एकसारख्या नसतात. पहिल्या उपचारात ज्या तगून राहतात, त्याच पुढे वाढतात; म्हणून उलटलेला आजार जुन्या औषधांना पूर्वीइतकी दाद देत नाही. अशा वेळी निरनिराळ्या मार्गांनी पेशींवर मारा करणारी औषधे एकत्र दिली जातात. परंतु औषधांबरोबर त्यांचे दुष्परिणामही एकत्र येतात. यासाठीच चाचणी आवश्यक ठरते.

एक उदाहरण पाहा. अ‍ॅझासिटिडिन या इंजेक्शनला व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्यांची जोड दिल्याने काय होते, याचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. मध्यम आयुर्मान एकट्या अ‍ॅझासिटिडिनने 9.6 महिने, तर दोन्ही औषधांनी 14.7 महिने आढळले. त्याच वेळी पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याचे प्रमाण 19 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर गेले. म्हणजे लाभ खरा आणि किंमतही खरी. शिवाय हे सर्व रुग्ण नव्याने निदान झालेले, वयोवृद्ध किंवा तीव्र केमोथेरपी न झेपणारे होते. उलटलेल्या आजाराला तेच आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

चाचण्या परदेशातच होतात असे नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या कार-टी पेशी उपचाराला 2023 साली मान्यता मिळाली, तीही येथील रुग्णांनी चाचणीत भाग घेतल्यामुळेच. हा उपचार ल्युकेमियाच्या वेगळ्या, बी-पेशींच्या प्रकारासाठी आहे. आमच्या गृहस्थांना तो लागू नव्हता.

आपल्या देशात 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी आणि राष्ट्रीय नोंदणी अनिवार्य आहे. रुग्ण कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता बाहेर पडू शकतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आपल्याला मिळाली पाहिजे.

सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? पहिल्या टप्प्यात मुख्यतः सुरक्षित मात्रा शोधली जाते. आपल्याला लाभ होईलच असे नसते. चाचणी नको म्हटल्यास दुसरे कोणते उपचार आहेत? किती वेळा जावे लागेल? रक्त, प्लेटलेट्स आणि प्रवासाचा खर्च कोणाचा? प्लेटलेट्स उतरलेल्या रुग्णाला ठाकुर्लीहून गर्दीच्या लोकलने परळ गाठणे झेपणारे नाही, हेही आधीच बोलून घ्यावे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. ताप 100.4 अंश फॅरनहाइट झाला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयाला कळवा. दुसरे, माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडून किंवा केमिस्टकडून परस्पर औषध घेऊ नका. रक्तदाबाचे डिल्टियाझेम, क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक आणि काही बुरशीविरोधी औषधे व्हेनेटोक्लॅक्सचे रक्तातील प्रमाण वाढवतात. चालू गोळ्यांची यादी फाईलच्या पहिल्याच पानावर लावा. काढे व आयुर्वेदिक चूर्णेही त्यात लिहा.

त्या गृहस्थांनी दोन दिवस घेतले. मुलीने प्रश्नांची उत्तरे वहीत उतरवून आणली. मग त्यांनी सही केली. त्यांनी नकार दिला असता, तरी मी तितक्याच आदराने वेदना आणि थकवा कमी करणाऱ्या उपचारांची व्यवस्था केली असती. पुढे काय होईल, हे त्यांना ठाऊक नाही, मलाही नाही. परंतु परवा काकू म्हणाल्या, "आता निदान काय चाललंय ते कळतं." आपल्या घरी असा प्रसंग आला, तर सहीपूर्वी इतके कळण्याचा आग्रह आपणही अवश्य धरावा.