बाग हिरवी आहे, पण ती जगते कशावर?

माण हे मुळशी तालुक्यातले गाव. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पावसाळा लागला की येथे भातखाचरे भरलेली दिसत. आज त्याच शिवारात राजीव गांधी आयटी पार्कच्या इमारती, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आणि उंच सोसायट्या उभ्या आहेत. नोकरीच्या निमित्ताने सोलापूर, मराठवाडा, कोकणातून आलेली आपली अनेक कुटुंबे या पट्ट्यात, पुढे पिंपरी-चिंचवड आणि चाकणपर्यंत, स्थिरावली आहेत. गावाकडच्या परसातला शेवगा, कढीपत्ता आणि मेंदी मागे राहिली. त्यांची जागा बाल्कनीतल्या कुंड्यांनी घेतली. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण हिरवी दिसणारी प्रत्येक बाग पर्यावरणाचे भले करते असे नाही. टँकरचे पाणी, पोत्यातून विकत आणलेली माती, दक्षिणेतून ट्रकने आलेला कोकोपीट, दुकानातले रासायनिक खत आणि वर फवारणीची बाटली, एवढे सगळे बाहेरून येते. भाजीची साले आणि वाळलेली पाने मात्र पिशवीत भरून आपण बाहेर टाकतो. अशी बाग आपल्या घरात हिरवळ आणते आणि तिचा भार दुसऱ्याच्या अंगणात टाकते. म्हणून आपल्या बागेला दोनच प्रश्न विचारावेत: बाहेरून काय आणावे लागते आणि बाहेर काय टाकावे लागते? दोन्हींची उत्तरे जितकी लहान, तितकी बाग चांगली.

पाणी: इसराफ कुठे होतो?

मुळशी हा धरणाचा तालुका. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ते पाणी आजही घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्राकडे जाते आणि त्याच तालुक्यातल्या माणच्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी हिरवळीचा गालिचा लावणे परवडणारे नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला दिवसाला पाचेक मिलिमीटर तरी पाणी लागते. म्हणजे दहा चौरस मीटरच्या हिरवळीला रोज ५० लिटर!

मग बागेला पाणी कुठले? ते आपल्या घरातच आहे. नळ सोडून वुजू केला तर चार-पाच लिटर पाणी सहज वाहून जाते. घरात पाच माणसे आणि पाच वेळा वुजू धरला तर दिवसाचे १०० लिटर होतात. खाली बादली ठेवून एकदा मोजून पाहावे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्याने वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. आजच्या मापात ते पाऊण लिटरच्या आसपास भरते. म्हणून आधी तांब्याने वुजू करून पाणी वाचवावे आणि उरलेले बादलीत धरून कुंड्यांना द्यावे. या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे कोणत्याही झाडाला ते चालते. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणीही तसेच.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. बोअरच्या जड पाण्यामुळे या भागात घरोघर आरओ यंत्र आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते रोज कुंडीत घातले तर मातीवर पांढरा थर येतो आणि झाड खुरटते. ते फरशी पुसायला वापरावे. दुसरे म्हणजे कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एकदा, जुम्म्याला म्हणा, सगळ्या ताटल्या पालथ्या घालून घासाव्यात.

स्वतःचे घर किंवा बंगला असेल त्यांनी पावसाचाही हिशेब करावा. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. माण तर सह्याद्रीच्या आणखी जवळ आहे. ५० चौरस मीटरच्या छपरावर ७०० मिलिमीटर म्हणजे ३५,००० लिटर. त्यातले निम्मे जरी गाळून टाकीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडले तरी पुष्कळ झाले.

माती: विकत कशाला?

तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेली बाग या बाबतीत पाहण्यासारखी. त्या तेव्हा तिथल्या खानपान विभागाच्या अधिकारी होत्या. कामगारांच्या जेवणानंतर रोज साचणाऱ्या ओल्या कचऱ्याचे करायचे काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तोच कचरा गच्चीवर गेला, त्याची माती झाली आणि त्या मातीत फळझाडे, भाज्या वाढल्या. यामागे ‘प्रयोग परिवार’ चालवणारे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांचा विचार आहे. पालापाचोळा कुजवून उत्तम माती घरीच तयार करता येते, हे त्यांनी लोकांना करून दाखवले. त्यांच्या पद्धतीत शेण, गोमूत्र आणि गुळाचे पाणी वापरतात. ज्या घरांत गोमूत्र चालत नाही त्यांनी अडून राहू नये. मूठभर जुने खत आणि वाटीभर आंबट ताक हेही काम करते.

कृती सोपी आहे. झाकणाच्या जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडावीत. तळाशी चार बोटे वाळलेली पाने घालावीत. रोज वाटीभर साले, देठ किंवा धुतलेली चहाची पूड टाकून त्यावर दुप्पट वाळलेला पाला पसरावा. आठवड्याला एकदा हलवावे. ओल इतकीच हवी की मुठीत दाबले तर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. वास आला तर सुका पाला कमी पडला असे समजावे. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत आणि पहिल्या पावसासारख्या वासाचे खत मिळते.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते: मांसाहाराचे उरलेले. हाडे, रस्सा आणि तेलकट बिर्याणी या बादलीत टाकू नये. उंदीर आणि माश्या येतात. अंड्याची टरफले मात्र धुऊन, वाळवून, कुटून जरूर घालावीत. कुर्बानीचा कचरा तर कुंडीत किंवा सोसायटीच्या बागेत मुळीच पुरू नये, ठरवून दिलेल्या जागीच द्यावा. शेजाऱ्याला त्रास होऊ न देणे हेही पर्यावरणच आहे.

आणि सुका पाला? हिवाळ्यात सोसायटीचे झाडूवाले तो गोळा करून पेटवतात. त्यांना एक रिकामे पोते द्यावे, चहा पाजावा आणि पाला मागून घ्यावा. धूरही वाचतो आणि आपली वर्षाची बेगमीही होते. याच पाल्याचा दोन बोटे थर कुंडीतल्या मातीवर पसरला तर ऊन थेट मातीला लागत नाही आणि पाणी कमी लागते.

झाडे आणि किडे

झाडे निवडताना घरात लागणारी आणि इथल्या हवेत रुळलेली निवडावीत. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, अळू, मेंदी, मोगरा आणि सब्जा. रमजानमध्ये सरबतात आणि फालुद्यात घालायला सब्जाचे बी आपण पुडीने आणतो. ते घरच्या एका कुंडीत येते. जागा असेल तर शेवगा लावावा. लिंबू तर अवश्य लावावे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉरमॉन लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते. लिंबाची आठ-दहा पाने अळीने खाल्ली म्हणून लगेच फवारा उचलू नये. मुलांना त्या अळीचे फुलपाखरू होताना पाहू द्यावे. विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा तिथेच होतो, हे आम्ही शिक्षक म्हणून खात्रीने सांगू.

मावा किंवा पिठ्या ढेकूण वाढलाच तर आधी पाण्याच्या धारेने धुवावा. तरीही न गेल्यास ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावी. सकाळी मधमाश्या फुलांवर असतात, तेव्हा फवारू नये.

सुरुवात कुठून?

सगळे एकदम करायला गेले की आठ दिवसांत कंटाळा येतो. म्हणून मृगाच्या पावसाआधी तीनच गोष्टी कराव्यात: वुजूच्या नळाखाली एक बादली, स्वयंपाकघरात एक भोकांची बादली आणि बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी. पाण्याची बादली उचलण्याचे काम मुलांकडे द्यावे आणि मुलींबरोबर मुलांनाही द्यावे. लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने जे काही खाल्ले ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. आपल्या बाल्कनीत चिमणी उतरली आणि गल्लीतला एक टँकर कमी झाला, तर त्या शिकवणीचा थोडा तरी हक्क आपण अदा केला असे म्हणता येईल.