गाठीला सुई लावायची भीती कशाला?

"गाठीला सुई लावू नका, ती पसरते," असे आमच्या तात्यापाऱ्यात वडीलधारी मंडळी अजूनही सांगतात. त्यामुळे काही जण गाठ लपवतात. कॅडेटला तर मेडिकलमध्ये बाद होण्याचीही धास्ती असते. म्हणून ही सुई नेमके काय करते, ते पाहू.

पायलोमॅट्रिकोमा या गाठीचे उदाहरण घेऊ. केस तयार करणाऱ्या मुळाशी असलेल्या पेशींपासून ही गाठ होते. ती विरळ आहे आणि जवळजवळ नेहमीच साधी, म्हणजे कर्करोग नसलेली असते. बहुधा मुलांमध्ये व आपल्या वयात, चेहरा, मान किंवा हातावर ती येते. आत कॅल्शियम साचल्याने ती खड्यासारखी टणक लागते. १८८० मध्ये फ्रान्समधील मालेर्ब यांनी तिचे वर्णन केले, तेव्हा ती तैलग्रंथींची गाठ समजली गेली. १९६१ मध्ये फोर्बिस आणि हेल्विग यांनी तिला केसाच्या मुळावरून नाव दिले.

सुईच्या तपासणीला एफएनएसी म्हणतात. सुई साध्या इंजेक्शनचीच, अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते. बहुतेक वेळा भूल लागत नाही. सुईत आलेल्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

या गाठीत लहान गडद पेशींचे पुंजके, कॅल्शियमचे कण आणि केंद्रक नाहीसे झालेल्या फिक्या 'घोस्ट' पेशी सापडतात. खरी मेख इथेच आहे. सुईत फक्त गडद पेशी आल्या, तर त्या कर्करोगाच्या वाटू शकतात. घोस्ट पेशी दिसल्या की उलगडा होतो. म्हणूनच डॉक्टर रुग्णाचे वय, गाठीची जागा आणि तिचा टणकपणाही विचारात घेतात. सुईत सुट्या पेशी येतात, गाठीची पूर्ण रचना कळत नाही. शंका उरल्यास गाठ काढून तपासतात. पायलोमॅट्रिकोमावर उपायही तोच आहे. पूर्ण काढल्यावर ती सहसा परत येत नाही.

आता पसरण्याबद्दल. साध्या गाठीत पसरायला कर्करोगच नसतो. इतर गाठींतही एवढ्या बारीक सुईने रोग पसरणे फार क्वचित घडते. कोणत्या गाठीला सुई लावायची, हे डॉक्टरच ठरवतात.

आमच्या रायपुरात आंबेडकर रुग्णालय आणि टाटीबंधचे एम्स आहे. शाळेत एमआय रूम आहे. लपवलेली गाठ मेडिकलमध्ये दिसणारच. मित्रांनो, ती आधीच दाखवा.