जबड्यातील परांची

कोंबडीच्या तंगडीचे एक बारीक हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चार-पाच दिवसांनी ते रबरासारखे वाकू लागते. आम्लात विरघळून गेले ते हाडातील खनिज आणि मागे उरले ते कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन. हाडाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश वाटा या खनिजाचा असतो. हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटाशी त्याचे फार जवळचे नाते आहे.

हायड्रॉक्सिॲपेटाइट प्रयोगशाळेत बनवता येते. मग हाड गेलेल्या जागी तेच भरले तर? जबड्यातील मोठी गाठ काढल्यावर तेथे पोकळी राहते. ती भरण्यासाठी रुग्णाच्याच कमरेचे हाड घेणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पण त्यासाठी शरीरावर दुसरी जखम करावी लागते आणि मिळणारे हाडही मर्यादित असते. म्हणून कृत्रिम पर्यायाचा शोध सुरू झाला.

१८९२ साली ड्रेसमान या जर्मन शल्यचिकित्सकाने हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले. प्लास्टर शरीराला सोसते, परंतु काही आठवड्यांतच विरघळते. नवे हाड तेवढ्यात तयार होतेच असे नाही. याउलट, भाजून घट्ट केलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षे जागचे हलत नाही.

आपल्या हाडात दोन प्रकारच्या पेशी सतत राबत असतात. एक प्रकार आम्ल सोडून जुने हाड विरघळवतो, अगदी आपल्या व्हिनेगरसारखा. दुसरा नवे हाड रचतो. पोकळीत भरलेला पदार्थ म्हणजे या कामगारांसाठी बांधलेली परांची होय. भिंत उभी राहण्याआधी परांची काढली तर काम कोसळते. काढलीच नाही तर भिंतीला जागा उरत नाही. म्हणून लवकर विरघळणारे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि सावकाश विरघळणारे हायड्रॉक्सिॲपेटाइट यांचे मिश्रण करून वेग जुळवला जातो. पदार्थात एकमेकांना जोडलेली छिद्रेही हवीत. ती साधारण ०.१ मिलिमीटरपेक्षा मोठी असली, तर पेशी व रक्तवाहिन्या आत शिरू शकतात.

१९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी वेगळी वाट काढली. त्यांनी बनवलेल्या काचेत सिलिका केवळ ४५ टक्के होती. शरीरातील द्रवात या काचेवर हाडासारख्या खनिजाचा थर चढतो आणि काच हाडाला चिकटते.

मात्र हे सारे पदार्थ ठिसूळ आहेत. चावताना जबड्यावर मोठा भार येतो. जबड्याचा मोठा भागच गेला असेल, तर पायातील हाड रक्तवाहिन्यांसह आणून टायटॅनियमच्या पट्टीने बसवावे लागते. उलट, गालाचा बसलेला उंचवटा भरून काढताना न विरघळणारा पदार्थच सोयीचा ठरतो, कारण तेथे आकार टिकणे महत्त्वाचे.

वर्गात हाडाचे पाच तुकडे व्हिनेगरमध्ये ठेवून रोज एक बाहेर काढा आणि वाकवून पाहा. खनिज किती गेले, यापेक्षा ते किती दिवसांत गेले, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधा. शल्यचिकित्सकापुढचा प्रश्नही तोच असतो.